कोनाड्यातला कागद

२४ ऑक्टोबर

दिवाळी संपली. भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. चकल्या-चिवड्याचा डबा बांधून दिला, तरी तोंड कडूच.

कारण कालचं. भाऊबीजेचं जेवण झाल्यावर त्यांनी माडीवरच्या खिडकीत पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि म्हणाले, "वैनी, खाली जाऊन डंक चालू करा." केला. मिरची कुटायचं यंत्र, पण आत मिरची नव्हती, नुसतं लोखंड आपटत होतं. मी वर येईपर्यंत पेला नाचत नाचत कडेला आला आणि जमिनीवर. भावजींनी ह्यांच्याकडं नुसतं बघितलं. हे फडकं आणून पाणी पुसत बसले.

मग ठरलं ते असं. घर दोघा भावांच्या नावावर. तीन वर्षं एक बिल्डर मागं लागलाय, हे पाडून पाच मजली उठवतो, दोघांना एकेक फ्लॅट देतो. त्या इमारतीत डंकाला जागा नाही. आवाज नको, मिरचीचा ठसका नको. दुरुस्ती करायची म्हटली तर कौलं उतरवायला आणि तुळई बदलायला परवानगी काढायला पाहिजे, त्या अर्जावर भावजींची सही पाहिजे. ते म्हणाले, "गुढीपाडव्याला येतो. तोवर डंकामागची भिंत सुधारून दाखवा. डंक चालू असताना पेला जागेवर राहिला तर तुमच्या अर्जावर सही. नाहीतर बिल्डरच्या."

हे म्हणाले, "ठीक हाय."

मला कोण विचारतंय. एकवीस वर्षं मिरची मी कुटते, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या चुलींवर माझ्या डंकाचं तिखट आहे, आणि "ठीक हाय" म्हणणार हे.

२७ ऑक्टोबर

प्रज्ञा येऊन गेली. पेठ वडगावची पोरगी, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच शिकून आलीय. तिची आई दर वर्षी माझ्याकडं मिरची आणते. ही तेव्हा आईच्या मागं उभी राहून शिंकायची, आता हातात मोजपट्टी घेऊन आली.

दोन तास घर बघितलं. खांब ठोकले, कौलांवर चढली, बोटानं भिंतीचे पापुद्रे काढून वास घेतला. मी विचारलं, सरकारी यादीत आपलं घर बसत नाही का गं, काही मदत वगैरे?

"न्हाय मावशी. यादीत राजवाडं, देवळं, जुन्या शाळा. साधी माडीची घरं त्यात येत न्हाईत. म्हणजे पाडायलाबी कुणाची आडकाठी न्हाय आन राखायलाबी कुणाची मदत न्हाय."

"म्हणजे आमच्या घरात कुठला राजा जेवला न्हाय म्हणून."

"तसंच समजा."

बोळात अशी चारच घरं उरलीत. खाली दुकान, वर माडी, मध्ये लाकडी जिना. मी लग्न होऊन आले तेव्हा ओळीनं अकरा होती.

मग तिनं डंकाच्या मागच्या भिंतीवरची फरशी बोटाच्या सांध्यानं वाजवली. पोकळ. सगळीकडं पोकळ. म्हणाली, ही भिंत पांढऱ्या मातीत रचलेली. ओल आत घेते, बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट मारून फरशी डकवली, ओल आतच राहिली, माती सुटली. त्यात डंकाचा चौथरा भिंतीच्या पायाला चिकटून, प्रत्येक ठोका हिच्या कंबरड्यात.

"सिमेंट कुणी मारलं?"

हे म्हणाले, "मीच. अक्कल न्हवती."

मी चहा करायला आत गेले. चहात साखर टाकायची राहिली. दोघंही तसाच प्यायले.

त्याच दिवशी, नंतर

इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुठं लिहू. सिमेंट ह्यांनी नाही मारलं. मी मारायला लावलं. आठ वर्षं झाली. मिरचीची धूळ भिंतीत बसायची, फरशी असली की ओल्या फडक्यानं पुसता येईल, एवढीच माझी हौस. हे म्हणत होते, "मातीच्या भितीला शिमिट लावायचं न्हाय म्हणायचा माझा बा." मी म्हटलं, तुमचा बा आणि तुमची भिंत. तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी फरशीवाला आला.

भावजी वर्षातून चार वेळा ह्यांना त्यावरून बोलतात. हे ऐकून घेतात. मी पोळ्या लाटत असते.

४ नोव्हेंबर

चुन्याचा गवंडी मिळेना. सगळ्यांना सिमेंटच येतं. शेवटी प्रज्ञानं शाहूवाडीकडचा एक म्हातारा शोधला, दत्तू गवंडी. वय विचारलं तर म्हणाला, "सत्तर म्हणा की. पुढचं मोजाय सोडलंय." विहिरी, देवळं, पाण्याच्या टाक्या सगळं चुन्यात केलेला माणूस. आता काम नाही. "आता चुना मळतूय त्यो तळहातावर, आक्का. तंबाखूपुरता."

भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाला, "मेली न्हाय. गुदमारलीया."

कधी होईल विचारलं.

"चुना भिजाय पायजे. म्हैना."

"महिनाभर नुसता भिजत ठेवायचा?"

"आक्का, तुमी लोणचं घातल्या दिवशी खाता व्हय?"

पटलं.

७ नोव्हेंबर

परसात जुनं पत्र्याचं पिंप होतं, त्यात चुन्याचे खडे टाकून पाणी ओतलं. चूल नसताना उकळलं. अर्धा तास रटरट चालली होती. हे वाकून बघत होते. मी म्हटलं, मागं सरका, डोळं जातील. तर दत्तूआण्णा म्हणतो, "बघू द्या की, त्यास्नी भट्टीची सवय हाय." खरंय. आयुष्य फौंड्रीत गेलं. निवृत्त झाल्यापासून उकळतं काही दिसलं की माणूस खूश.

पिंपावर पोतं टाकून ठेवलं. शेजारणीनं भिंतीवरून डोकावून विचारलं, कसलं लोणचं घातलंय एवढं.

१२ नोव्हेंबर

फरशी काढली. छिन्नी लावायची गरजच पडली नाही, लाद्याच्या लाद्या गळून पडल्या. मागची माती ओलीकिच्च. हातात घेतली तर शेणासारखी लागली. मला बघवेना. माझ्याच हाताचं काम ते.

उजव्या बाजूला फरशीच्या आत कोनाडा निघाला. मी विसरूनच गेले होते. तेव्हा फरशीवाल्यानं विचारलं होतं, ह्याचं काय करू? मी म्हटलं, मुजवून टाका आहे तसा. त्यानं समोर पातळ वीट लावली आणि वर फरशी. आत काय आहे बघितलंसुद्धा नव्हतं.

आज दत्तूआण्णानं वीट काढली आणि काडीनं एक काळपट लगदा बाहेर ओढला. हे पुढं झाले, हातात घेतला, आणि हसायला लागले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले.

भावजींचा लंगोट.

१३ नोव्हेंबर

लंगोटाची हकिकत. भावजी सोळा वर्षांचे असताना तालमीत जायचे. पहिल्याच जंगी कुस्तीत दीड मिनिटात पाठ लागली. घरी आले, लंगोट कोनाड्यात कोंबला, पुढं पोतं लावलं, आणि परत तालमीचं तोंड बघितलं नाही. पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला. घरात त्या विषयावर बोलायचं नाही असा दंडक होता. मी आले तेव्हाही पोतं तिथंच.

ह्यांनी लंगोट धुऊन दोरीवर वाळत घातला. पिळताना मधोमध फाटला. लाल रंग गेला, बुरशीचे ठिपके राहिले. शेजारीण म्हणाली, "तुमचं मालक कुस्ती खेळणार व्हय?"

फोटो काढून भावजींना पाठवला. निळ्या खुणा आल्या. 

१४ नोव्हेंबर

भावजींचं उत्तर आलं. "फेकू नका."

२९ नोव्हेंबर

दोन आठवडे भिंत नागडी ठेवलीय वाळायला. रोज सकाळी हात लावून बघते. खालचा भाग अजून गार लागतो, वरचा वाळला. सुटलेली माती खरवडून जिथं विटा हलत होत्या तिथं पांढरी माती मळून परत बसवल्या. माती ह्यांनी पायानं तुडवली. गुडघे दुखतात म्हणून मंडई नको म्हणणारा माणूस दोन तास चिखल तुडवत होता.

डंक चौथऱ्यावरून सोडवला. प्रज्ञानं सांगितलं तसं नवा चौथरा, भिंतीपासून वीतभर लांब, खाली खड्डा घेऊन वाळू, वर दगड, दगड आणि लोखंडाच्या मध्ये जुन्या टायरचं रबर. ते सगळं ह्यांनी स्वतः बसवलं. कुणाला हात लावू दिला नाही. बोल्ट आवळताना शीळ घालत होते. मी जिन्यावर बसून शेंगा सोलत ऐकत होते. बरं वाटलं.

९ डिसेंबर

आज गिलाव्याचा पहिला हात. वाळू आणि भिजलेला चुना पूर्वी दगडी चाकाच्या घाणीत मळायचे तसा मळून, त्यात हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. गुळामुळं चुना चांगला धरतो म्हणे. दत्तूआण्णानं सांगितलं, "गूळ थोडा. हाताचा अंदाज लागतूय त्याला."

गुऱ्हाळं चालू आहेत. ह्यांचा फौंड्रीतला दोस्त परवाच काकवीचा डबा देऊन गेला होता, हे म्हणाले गुळापेक्षा काकवी बरी, विरघळवायला नको. सगळं छान चाललं होतं. दोन्ही गडी कमरेपर्यंत पांढरे. चार वाजेपर्यंत खालची अर्धी भिंत झाली. लोण्यासारखी दिसत होती. मी दोघांना खरवस दिला.

११ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर भिंतीवर काळी रेघ. जवळ गेले. मुंगळे. उंबऱ्यातून आत, डंकाला वळसा घालून, ओळीनं भिंतीवर. शाळा सुटल्यासारखे. गिलाव्याला बोट लावलं तर आत रुतलं. दोन दिवस झाले तरी कणीक.

दत्तूआण्णा आला. गिलावा बोटानं काढून जिभेवर ठेवला. थुंकला.

"ह्यात गूळ किती घातलाया?"

हे म्हणाले, "तू चहाला गेलतास तवा जरा..."

"जरा म्हंजी?"

"डबा."

"सगळा?"

"कमी वाटला रे. आपल्यात एवढा गूळ असताना हात आखडायचा व्हय?"

"मालक, भित करायची का पुरणपोळी?"

मग मी सुरू झाले. काय काय बोलले ते लिहीत नाही. पाडव्यापर्यंत दिवस मोजून राहिलेत, चुना संपला, महिनाभर परत भिजवायचा, आणि तुम्हाला गोड सुचतंय. बोळातली सगळी दारं उघडली. समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. हे खाली मान घालून उभे.

१२ डिसेंबर

सगळं खरवडून काढलं. मुंगळे जाईनात. शेवटी मी भिंतीच्या कडेनं लवंगी मिरचीच्या पुडीचा जाड पट्टा ओढला. मुंगळे गेले. दत्तूआण्णा, हे, मी आणि समोरचा शिंपी दुपारभर शिंकत होतो.

बोळात आता आमच्या घराला गोड भिंतीचं घर म्हणतात. दोन बायका मुद्दाम बघून गेल्या.

पिंपाच्या तळाशी पाटीभर चुना निघाला. नवे खडे आणून भिजत घातले. जानेवारीपर्यंत थांबायचं.

१३ डिसेंबर

रात्री झोप नीट लागली नाही. मी ह्यांना एका डब्यासाठी सगळ्या बोळासमोर बोलले. त्यांनी माझ्या फरशीसाठी आठ वर्षं भावाचं बोलणं खाल्लं, आणि घरातसुद्धा एकदा काढून दाखवलं नाही.

सकाळी त्यांना विचारलं, "तुम्ही मला कधी बोलला का नाही हो त्या फरशीवरून?"

दाढी करत होते. म्हणाले, "बोलून फरशी निघणार हुती का?"

आणि गालावर फेस लावत बसले. मला रडायला आलं आणि रागही आला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

१४ जानेवारी

संक्रांत. नव्या चुन्याचा पहिला हात गेल्या आठवड्यात झाला, काल दुसरा. ह्या वेळी गूळ दत्तूआण्णानं स्वतः मोजला, चिमटीनं. ह्यांना डंकाच्या पलीकडं उभं केलं होतं. आज नखानं ओरखडा काढून बघितला, उठला नाही.

कोनाडा मुजवायचा नाही असं मी सांगितलं. आतून चुन्यानं घोटून काढलाय. हात फिरवला तर अंड्याच्या टरफलासारखा लागतो.

दत्तूआण्णाला तिळगूळ दिला. त्यानं तोंडात टाकला आणि भिंतीकडं बोट करून म्हणाला, "हिला नगा दिऊ."

२ फेब्रुवारी

दत्तूआण्णा गावाकडं गेला. जाताना मजुरी घेतली आणि वर एक पोतं रिकामं मागून घेतलं. उरलेला चुना घेऊन गेला, घरच्या न्हाणीला. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "हिला पावसाळा दाखवा. मग बोला." मला म्हणाला, "आक्का, रंग लावायची हौस आली तर चुनाच. डब्यातला रंग आणलासा तर मी परत यीन आन तुमास्नीच खरवडीन."

१२ फेब्रुवारी

सिझन सुरू. पहिल्या दिवशी सात जणी. ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी. पायऱ्यांवर पिशव्यांची ओळ. नव्या चौथऱ्यावरून डंकाचा आवाज बदललाय. आधी सगळ्या घरातून यायचा, आता खालूनच येतो. एक बाई म्हणाली, मावशी, मशीन नवीन घेतलं काय?

मला माडीवर पेला ठेवून बघायचं धाडस होत नाही.

२० फेब्रुवारी

दुपारी माडीवर गेले तर खिडकीच्या फळीवर पाण्याचं गोल वर्तुळ. पेल्याच्या बुडाचं. म्हणजे ह्यांनी बघितलं, मी डंकावर असताना. विचारलं, काय झालं?

"कशाचं काय?"

"पेल्याचं."

"पाणी प्यालो."

मला न सांगता. म्हणजे पडला असणार. किंवा पडला नसणार, आणि पाडव्याच्या आधी दृष्ट लागू नये म्हणून गप्प. ह्या माणसाच्या तोंडावरून चाळीस वर्षांत काही कळलं नाही.

८ मार्च

भावजींचा फोन. पाडव्याला दोन्ही कागद घेऊन येतो म्हणाले, बिल्डरचा आणि आमचा. आवाज नेहमीसारखा. फोन ठेवताना विचारलं, "तो लंगोट आहे ना?"

आहे म्हटलं. ट्रंकेत.

१९ मार्च, गुढीपाडवा

सविस्तर लिहिते.

सकाळी गुढी. माडीच्या खिडकीतून काठी बाहेर काढली, दर वर्षीसारखी. भावजी दहाला आले. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. जेवताना कुणी विषय काढला नाही. हे तीनदा म्हणाले, ऊन वाढलंय.

सणाचा दिवस, गिऱ्हाईक नाही. भावजी हात धुऊन माडीवर गेले, पेला भरून खिडकीत ठेवला. अगदी तिथंच. म्हणाले, "वैनी, रिकामा नको. मिरची टाकून चालवा." मी दोन किलो संकेश्वरी टाकली. बटण दाबलं. मग जिना चढून वर आले.

आम्ही तिघं पेल्याकडं बघत उभे. पाण्यावर बारीक रेघा उठत होत्या. पेला हलेना. मी देवाचं नाव घेतलं. पाच मिनिटं झाली असतील. मग पेला बोटभर सरकला. आणि थांबला. परत सरकला नाही. भावजींनी घड्याळ बघून दहा मिनिटं चालवला.

भावजी म्हणाले, "सरकला."

हे म्हणाले, "पडला न्हाय."

"जागेवर राहील असं ठरलं होतं, दादा."

"अरं, बोटभर. माणूस बसल्या जागी यवढा सरकतो."

मग भावजी बोलायला लागले. आठ वर्षांपूर्वी तू सिमेंट मारलंस तेव्हापण म्हणालास, काही होत नाही. बाबांनी सांगितलं होतं, तरी मारलंस. आता परत काही होत नाही म्हणतोस. तुझ्या शब्दावर मी किती वेळा... हे खाली बघत होते. डंक खाली चालूच. मिरची करपल्याचा वास यायला लागला होता, फार वेळ कुटली की येतो.

मी म्हटलं, "भावजी, फरशी मी लावली."

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"ह्यांनी नको म्हटलं होतं. मी तीन दिवस अबोला धरून लावायला लावली. सिमेंट, फरशी, कोनाडा मुजवला, सगळं माझं. हे आठ वर्षं तुमचं ऐकून घेत आलेत. बोलायचं तर मला बोला."

भावजी ह्यांना म्हणाले, "पण तू तर म्हणाला होतास, मी मारलं."

"म्हणालतो."

"का?"

"तुझ्या वैनीला बोलला असतास. तिला बोललेलं मला चाललं नसतं."

एवढंच. चाळीस वर्षांत हे एवढं मोठं वाक्य माझ्याबद्दल पहिल्यांदा बोलले. मी खाली जाऊन डंक बंद केला. तिखट जरा काळपट झालंय, घरात वापरू.

२० मार्च

सकाळी भावजी माझ्या आधी उठून खाली आले होते. भिंतीवर तळवा ठेवून उभे होते. ट्रंकेतून लंगोट काढून दिला. दोन्ही तुकडे उलगडून उजेडात धरले. म्हणाले, "कुस्ती दीड मिनिट नव्हती. चांगली तीन मिनिटं झाली होती. दादा कमी सांगतो."

मी म्हटलं बरं.

मग म्हणाले, "वैनी, तुम्ही सिमेंट लावलं हे मला आठ वर्षं कळलं नाही. आणि ते वाईट आहे हे भिंतीला आतून कळायला आठ वर्षं लागली. मग चुना चांगला बसलाय हे मला दहा मिनिटांत कसं कळणार?"

खरंच होतं ते.

बॅगेतून दुरुस्तीचा अर्ज काढला. चार घड्या घातल्या आणि कोनाड्यात ठेवला. "माझा लंगोट कुजला तिथंच ठेवतो. पावसाळा जाऊ दे. दसऱ्याला येतो. कागद ओला झाला नसेल तर सही करतो. ह्याच कागदावर, दुसरा चालणार नाही. बिल्डरला दसऱ्यापर्यंत थांब म्हणतो. थांबला तर थांबला."

हे म्हणाले, "आन ओला झाला तर?"

"तर मग त्याच्यावर पेनच चालणार न्हाय की, दादा."

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडातून कोल्हापूर ऐकलं. दहाच्या गाडीनं गेले. लंगोट पिशवीत घालून घेऊन गेले. मी कांदा-लसूण मसाला दिला, चांगला, परवाचा. नाकारला नाही.

२९ मार्च

शेजारीण म्हणाली, कागदाला प्लॅस्टिकची पिशवी घाला, कोण बघतंय. मी तिला चांगलंच सुनावलं. पण रात्रभर विचार डोक्यात होता. सकाळी ह्यांना विचारलं, घालायची का? हे म्हणाले, "परत तोंड बांधायचं व्हय, भितीसारखं?"

नाही घातली.

६ एप्रिल

सिझन भरात. सकाळी सातपासून पायऱ्यांवर रांग. बायका कोनाड्यातला कागद बघतात, विचारतात. सांगते. आता सगळ्यांना माहीत झालंय. येणारी प्रत्येक जण आधी पिशवी ठेवते, मग कागदाला बोट लावते, मग म्हणते, "कोरडा हाय." एकीनं त्याला हळद-कुंकू लावायचं म्हटलं, हाकलली.

प्रज्ञा येऊन गेली. भिंत बघून खूश. बोळातल्या शेवटच्या घरानं, ते हिरव्या खिडक्यांचं, तिला बोलावलंय म्हणाली. त्यांच्याही घरात सिमेंट मारलेली भिंत आहे. दत्तूआण्णाला निरोप गेलाय. मी म्हटलं, त्यांना आधी सांग, काकवीचा डबा घरात ठेवू नका.

१७ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव. गारा, वारा, दोन तास. माडीवर तीन ठिकाणी गळालं, पातेली मांडली. कौलं उतरवायला पाहिजेतच, पण ते सहीनंतर. भिंतीला बाहेरून झोड बसत होती. आम्ही दोघं डंकाजवळ बसून राहिलो. वीज गेली होती. कोनाड्याकडं बघायचं दोघांनीही टाळलं.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत उठून खाली आले. तर हे आधीच तिथं. हात पुढं, पण कागदाला लावलेला नाही. म्हणाले, "तूच बघ."

मी काढला. घड्या उलगडल्या. कडेनं, मधून, पाठीमागून बघितला. गालाला लावून बघितला.

कोरडा. मिरचीनं लाल झालाय तेवढा.

परत जागेवर ठेवला. जून यायचाय अजून.